नसते उद्योग

आमच्या आणि शेजारच्या वहिनींच्या घरांमधली भिंत साडेचार फुटांची आहे. प्लॉट घेतले तेव्हा नागपूरलगतच्या हुडकेश्वरला ग्रामपंचायत होती, समोर तुरीचं वावर होतं आणि दोन्ही घरचा पैसा स्लॅबमध्ये संपला होता. भिंतीचे वरचे थर 'पुढच्या दिवाळीला घालू' म्हणून राहिले, ते राहिलेच. बरंच झालं. त्या उंचीवर हनुवटी बरोबर टेकते. एका जागी तर डबे सरकवून सरकवून सिमेंट इतकं गुळगुळीत झालं आहे की वाटी नुसती ठेवली तरी पलीकडे जायला निघते.

परवा सकाळी कढीपत्ता तोडायला गेले, तर वहिनी आधीच भिंतीशी. हातात तांदळाचं सूप, नजर आमच्या गच्चीवर.

"काय हो ताई, सून काय करून राहिली वरतं? पाच वाजल्यापासून खडखड ऐकू येऊन राहिली."

"सरगुंडे वाळत घालतेय. बाज सरकवली असेल."

"किती किलोचे?"

"बारा."

"बाप्पा! लग्न निघालं का काय घरात?"

आमच्या घरात लग्न निघालं असतं तर ते वहिनींना माझ्याआधी कळलं असतं. त्यांना आकडा पाहिजे होता, तो मिळाला. आता संध्याकाळपर्यंत तो मागच्या लाइनीत जाईल, वीस किलो होईल आणि दूधवाल्यामार्फत माझ्याकडेच परत येईल.

विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगते. सरगुंडे म्हणजे रवा-कणीक घट्ट भिजवून तिची बारीक दोरी वळायची, ती काडीवर गुंडाळत न्यायची आणि मग काडी अलगद ओढून घ्यायची. बोटांत पोकळ वेटोळं राहतं. नवशिक्या हातानं काडी ओढली की वेटोळं बसतं आणि सासू हसते; मी हसून घेतलं आहे. खडखडीत वाळले की वर्षभर टिकतात. पाहुणा आला की उकडायचे आणि आंब्याच्या रसाबरोबर वाढायचे. माझी सून भिवापूरकडची. तिकडच्या मिरचीला जीआय मानांकन आहे आणि तिकडच्या मुलींच्या बोलण्यालाही द्यायला हरकत नाही, हे मला लग्नानंतर चार वर्षांनी कळलं.

ते असं. या दोन घरांतल्या उद्योगांची सुरुवातच मुळी भांडणानं झाली. तीन वर्षांपूर्वीचा एप्रिल. वहिनींकडे बोअरची मोटर सुरूच राहिली. त्यांच्या टाकीचा ओव्हरफ्लोचा पाइप नेमका आमच्या गच्चीकडे तोंड करून. चार किलो मुंगवड्या, दोन दिवस वाळलेल्या, पुन्हा डाळ झाल्या. सून अबोल आहे असा तोवर माझा समज होता. ती भिंतीशी जाऊन जे बोलली, ते ऐकून तिकडच्या आजी खाटेवर उठून बसल्या. वहिनींचा मुलगा तेव्हा पुण्याच्या कंपनीची नोकरी घरूनच करत होता. कानातले इअरफोन काढून तो खाली आला, सगळं ऐकून घेतलं आणि सुनेला म्हणाला, "वहिनी, मी याचं काहीतरी करतो."

असं लोक म्हणतातच. यानं केलं.

"तेव्हाच अडवाले पाहिजे होतं मी त्याले," सूप पाखडता पाखडता वहिनी म्हणाल्या. हे त्या महिन्यातून एकदा तरी म्हणतात. "नोकरी सोडतो म्हणाला. मी म्हटलं, नसते उद्योग करू नको. तर म्हणे, आई, असते उद्योग आहेत कुठं इकडं? सगळे पुण्याला, नाही तर हैदराबादला. म्हणूनच नसते करून राहिलो."

त्याचं पहिलं यंत्र आमच्याच टाकीवर लागलं होतं. नुकसानभरपाई म्हणून. चटणीच्या प्लास्टिकच्या डबीत सर्किटची हिरवी पट्टी, झाकणाला डोळ्यांसारखी दोन भोकं. टाकीच्या झाकणाला आतून चिकटवलेले हे डोळे पाण्यावर आवाज सोडतात, आपल्याला ऐकू न येणारा, आणि तो आदळून परत यायला किती वेळ लागला त्यावरून पाणी कुठवर आलं ते ओळखतात. गाडी मागे घेताना टूंटूं करते, तेच तंत्र. पाणी वर आलं की खालची मोटर बंद, पाणी उतरलं की चालू. महिनाभर झकास चाललं. मग नवतपा, कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला. टाकीतलं पाणी असं तापलं की झाकणाला आतून वाफ धरली, त्या डोळ्यांना मोतीबिंदू झाला आणि रिकामी टाकी त्यांना भरलेली दिसायला लागली. ऐन नवतप्यात मोटर सुरू होईना. मी डोक्याला शिकेकाई लावून न्हाणीघरात उभी.

दुसऱ्या यंत्राला डोळे नव्हते, सळया होत्या. पाणी सळयांना टेकलं की त्यातून वीज जाते आणि यंत्राला कळतं. सळया तांब्याच्या. आमच्या बोअरचं पाणी असं की त्यात तुरीची डाळ शिजत नाही; महिनाभरात सळयांवर हिरवं-पांढरं कवच चढलं. पोरगा सीताबर्डीवरून कुठलंसं रसायन आणायला निघाला होता. आजी खुर्चीवरून पाहत होत्या. म्हणाल्या, "पाण्याच्या गुंडाले जे चढते, तेच चढलं हे. चिंचेत टाक अन् झोप." रात्रभर सळया चिंचेच्या कोळात बुडून होत्या, सकाळी लखलखीत. तिथून पुढे त्यानं सळया स्टीलच्या केल्या. पहिल्या चार आमच्या घरच्या डावांच्या दांड्या होत्या, आणि ते डाव मी अजून परत मागितलेले नाहीत. वीज सारखी सोडली तर सळई झिजते, म्हणून ती मधूनमधून क्षणभरच सोडायची, हेही त्याला त्याच सुमारास उमगलं. म्हणजे दीड वर्षानं.

"दीड वर्ष म्हणजे पुण्याला तीन वेळा दुकान बंद झालं असतं त्याचं," वहिनी म्हणतात. "खोलीचं भाडं, मेसचे पैसे, दोघं मित्र, त्यांचं भाडं. इकडं काय! वरची खोली रिकामीच होती. दिवाळीची आरास अन् सासूबाईंची पेटी ठेवून होती. जेवाले चार पोळ्या जास्त. दोनदा फसला तरी घरात कोणाले कळलंसुद्धा नाही."

हे शेवटचं खोटं आहे. सगळ्या लाइनीला कळलं होतं. पण त्यांचा मुद्दा खरा. आमच्या गावात फसायला पैसे कमी लागतात. पुण्या-मुंबईत तेवढ्या पैशांत माणूस एकदा चुकला की पुन्हा नोकरीचा अर्ज टाकतो. इथं तो चुकतो, वर जाऊन पंख्याखाली झोपतो, संध्याकाळी तर्री-पोहे खाऊन येतो आणि पुन्हा चुकायला बसतो.

लग्नाच्या बाजारात मात्र हे चालत नाही. मागच्या तुळशीच्या लग्नानंतर एक स्थळ आलं होतं. मुलीच्या मामांनी विचारलं, "पोरगा काय करते?" वहिनींनी सांगितलं, "स्टार्टअप करते." मामा जरा वेळ गप्प बसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "म्हणजे सध्या काहीच नाही का?"

त्यानंतर वहिनींनी एका कागदाची फ्रेम केली. दिल्लीहून स्टार्टअपच्या मान्यतेचं सर्टिफिकेट आलं आहे मुलाला. ते बैठकीत लावलं आहे, शेगावच्या गजानन महाराजांच्या फोटोखाली, कोणी आत आलं की पाया पडताना दिसलंच पाहिजे अशा उंचीवर.

"त्याचं कसं, स्टार्टअप आहे ना हो," परवा भिंतीवर त्या म्हणाल्या. "तुमच्या सुनेचं आपलं घरगुती."

मी कढीपत्ता भिंतीवर ठेवला.

घरगुती! इतवारीतून छापील पाकिटांचे गठ्ठे येतात. गच्चीवर चार बायका कामाला आहेत. जवसाच्या चटणीचं पार्सल कोणाच्या तरी नणंदेकडे अमेरिकेत जातं. आणि वहिनींच्या चिरंजीवांच्या कंपनीत अजून चहाचे पैसे आईकडून घेतात. तोंडावर आलं होतं, पण शेजार आहे. शिवाय मी त्या पोराला एकदा सरळच विचारलं होतं, की बाबा, स्टार्टअप म्हणजे नेमकं काय रे? त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं. केंद्र सरकारनं २०१६ च्या १६ जानेवारीला ही योजना आणली. आम्ही बोललो तेव्हाच्या नियमानं त्यात बसायचं तर कंपनी प्रायव्हेट लिमिटेड नाही तर एलएलपी किंवा नोंदलेली भागीदारी पाहिजे, वय दहा वर्षांच्या आत पाहिजे, आणि काहीतरी नवीन किंवा झपाट्यानं वाढेल असं पाहिजे. एखाद्या बाईनं एकटीच्या नावावर काढलेला धंदा त्यात बसत नाही, मग तो कितीही चालो. "म्हणजे काकू," तो म्हणाला, "वहिनीचं चालते, पण ते स्टार्टअप नाही. माझं स्टार्टअप आहे, पण ते चालत नाही." पोट्टा हुशार आहे, त्यात वाद नाही.

"बरं वहिनी," मी म्हटलं, "दिनशॉ काय होतं?"

"दिनशॉ म्हणजे आइसक्रीम."

"त्याच्या आधी? १९३२ च्या सुमाराला गिट्टीखदानला दोन पारशी भाऊ दूध विकत होते, दिनशॉ अन् एरचशॉ राणा. दुधावरून आइसक्रीमवर गेले. अन् विको? केशव पेंढरकरांचं नागपुरात किराणा दुकान होतं. ते आवरून मुंबईला गेले, १९५२ मध्ये परळला दंतमंजन कुटायला बसले, अन् पोरांना घेऊन दारोदार विकलं. घरगुतीच की!"

"हल्दीराम तर बिकानेरचे," वहिनींनी आपला एक टाकला.

"बिकानेरचेच. पण त्यांच्या भुजियाला नागपूर विचारीना. मग म्हणतात, शिवकिसन अग्रवालांनी काजू कतली केली अन् लोकांना फुकट चाखायला दिली."

"फुकट दिलं की नागपूरचा माणूस येतेच," वहिनी म्हणाल्या. या बाबतीत त्या स्वतः पुरावा आहेत. जवसाच्या चटणीचा प्रत्येक नवा घाणा त्यांनी चाखला आहे आणि दर वेळी 'मीठ अजून एकदा पाहावं लागते' असं म्हणून दुसरी वाटी नेली आहे.

इतका वेळ आजी पलीकडच्या खुर्चीवर डोळे मिटून होत्या. आम्हाला वाटलं, झोपल्या. त्यांचे यजमान एम्प्रेस मिलमध्ये साच्यावर होते, सासरे त्याआधी तिथंच. भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं, असं त्यांचं आयुष्य गेलं.

"तुमाले मालूम नाही," डोळे न उघडता त्या म्हणाल्या. "माह्या मामंजींनी सांगतलेली गोष्ट. टाटा आला नागपूरले. टेशनाजवळ नुसता चिखल होता, तिथं मुरूम टाकाले लागला. मारवाड्याकडे पैसे मागतले, तर मारवाडी म्हणे, हा येडा मातीत सोनं गाडून राहिला, म्या नाई देत. मंग गिरणी चालली. अशी चालली, अशी चालली, का तोच मारवाडी म्हणे, चुकलो बाप्पा. यानं सोनं नाई गाडलं. यानं माती टाकली अन् सोनं काढलं."

ही गोष्ट जमशेटजींच्या चरित्रांतही आहे, फक्त त्यात 'बाप्पा' नाही. १८७४ मध्ये १५ लाख रुपये भांडवलाची कंपनी काढली, आणि १ जानेवारी १८७७ ला गिरणी सुरू झाली, त्याच दिवशी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं, म्हणून नाव एम्प्रेस. मला त्यातला आवडता माणूस निराळाच आहे. गिरणी चालवायला जमशेटजींनी बेझनजी मेहता म्हणून एकाला आणलं. ते रेल्वेच्या मालखात्यातले. कापसाचं, सुताचं त्यांना काही ठाऊक नव्हतं. त्यांनी गिरणी पुढं नेली, आणि १८८६ मध्ये तिथं कामगारांसाठी पेन्शन फंडही निघाला.

"म्हणजे शिकायचं एक अन् करायचं दुसरं, हे तेव्हापासूनच आहे का!" वहिनी म्हणाल्या. त्यांचा मुलगा मेकॅनिकल शिकला, पुण्यात कॉम्प्युटरची नोकरी केली आणि आता प्लंबरचं काम करतो, असा त्यांचा हिशेब आहे.

"आता थो मॉल झाला तिथं," आजी म्हणाल्या. "पोट्टे थंड हवा खाले जातात." आणि खरंच झोपल्या.

मारवाड्यानं नाही म्हटलं, तसंच आमच्या सुनेलाही एका बँकेत आधी नाहीच म्हटलं होतं. तो किस्सा वहिनींना पुन्हा पुन्हा ऐकायला आवडतो, कारण त्याचे नायक त्यांचे यजमान आहेत. भाऊजी बँकेतून रिटायर झालेले, कर्जखात्यातले. उभा जन्म लोकांचे अर्ज परत करण्यात गेला. रिटायर झाल्यावर रोज सकाळी पेपर वाचून झाला की दिवसाचं काय करावं, हा त्यांच्यापुढं प्रश्न होता. आमच्या सुनेनं पीठ मळायचं यंत्र, ड्रायर आणि पाकिटं सीलबंद करायचं मशीन घ्यायचं ठरवलं, सहा लाखांचं अंदाजपत्रक केलं, आणि भाऊजींना पुन्हा कोणाच्या तरी कागदांत चुका काढायला मिळाल्या. दहा वर्षांनी तरुण झाले.

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून कर्ज घ्यायचं, असं त्यांनीच सुचवलं. बाईमाणसाला तेव्हा स्वतःचे पाचच टक्के घालावे लागायचे. सबसिडी शहरात २५ टक्के होती, खेड्यात ३५. इथं भाऊजी थांबले, चष्मा काढला, पुसला. हुडकेश्वर-नरसाळा २०१३ मध्ये महापालिकेच्या हद्दीत आलं. "म्हणजे आपण गावच राहिलो असतो तर दोन लाख दहा हजार," ते म्हणाले, "शहर झालो तर दीड लाख." साठ हजारांनी शहरी झालो म्हणून आम्ही दोन्ही घरांनी त्या दिवशी आलूबोंडे आणले. ती सबसिडीही लगेच हाती येत नाही, तीन वर्षं बँकेतच ठेव म्हणून पडून राहते, ही मेख भाऊजींनी बोंडे खाऊन झाल्यावर सांगितली.

सिव्हिल लाइन्सच्या उद्योग भवनात कागद झाले. उद्यम नोंदणी फुकट होते आणि खाद्यपदार्थांची छोटी नोंदणी तेव्हा वर्षाला १०० रुपयांत होत होती; एका एजंटनं दोन्हीचे मिळून अडीच हजार मागितले होते. मग बँक. साहेब तरुण होता, दुसऱ्या राज्यातला. फाइल उलटसुलट करून म्हणाला, "ये सरगुंडे क्या होता है?" दुसऱ्या कोणी योजनेचं कलम दाखवलं असतं. भाऊजींनी पिशवीतून डबा काढला. वहिनींनी सकाळीच सरगुंडे उकडून, रस घालून दिले होते. शाखेत तेव्हा पाच माणसं होती. डबा परत आला तेव्हा धुतलेला होता.

तरी साहेब म्हणालाच, की घराचे कागद तारण ठेवा. तेव्हा भाऊजींनी, ज्यांनी तीस वर्षं हेच वाक्य लोकांना ऐकवलं असेल, चष्म्यावरून पाहून सांगितलं, की लहान उद्योगाला दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचं नाही, असा तेव्हा रिझर्व्ह बँकेचा नियम होता. तारीखही सांगितली म्हणे. कर्ज झालं. पेढे कुठल्या घरी वाटावेत यावर थोडी कुरबूर झाली, मग दोन्ही घरी वाटले.

"त्या डॉलीसारखं काही पाहिजे," वहिनी मध्येच म्हणाल्या. गप्पांना काही रांग नसते. "आमच्या पोट्ट्याचा मित्र म्हणते, रील काढा. सदरचा डॉली पाहा, बिल गेट्सनं त्याच्या हातचा चहा प्याला, अन् त्याले मालूमच नाही हा कोण गोरा! चोवीसच्या फेब्रुवारीत व्हिडिओ आला अन् पंचवीसमध्ये पोट्टा फ्रँचायझी देऊन राहिला."

"मग काढा की रील."

"काढली. टाकी भरते, मोटर बंद होते. एकोणीस जणांनी पाहिली. त्यातले अकरा नातेवाईक." मोटर बंद होताना काही दिसत नाही, ही त्या धंद्यातली अडचणच आहे. चहा उंचावरून ओतला की दिसतो.

पण वहिनींचं खरं दुखणं रील नव्हतं. ते बाहेर यायला आणखी दोन सूप तांदूळ लागले.

"बारा मशिनी लावल्या ना त्यानं दिवाळीत. बेसा रोडच्या त्या फ्लॅट स्कीममध्ये. सेक्रेटरी म्हणाले, लावून तर दे, पसंत पडलं की पैसे. पसंत पडलं. पाणी वाचून राहिलं, बिल कमी आलं, सगळं खरं. आता एप्रिल लागला. फोन केला की म्हणतात, अरे, घरचाच तू."

"मग तुम्ही बोला त्यांच्या मिसेसला."

"तेच तर! ती आमच्या भजनी मंडळात. एकादशीले मांडीला मांडी लावून बसतो आम्ही. टाळ वाजवता वाजवता बिल मागू?"

हे मात्र मोठ्या शहरात नसेल. तिथं पैसे बुडवणारा अनोळखी असतो. आमच्याकडे तो नात्यातला, नाही तर भजनातला. ओळखीवर पहिलं गिऱ्हाईक मिळतं, खोली मिळते, बँकेत बोलणारा माणूस मिळतो, चिंच मिळते. त्याच ओळखीपायी मग पाच महिने 'घरचाच तू' ऐकावं लागतं. आमच्या सुनेची तऱ्हा वेगळी नव्हती. पहिल्या वर्षी तिच्या कुरडया अर्ध्या हुडकेश्वरनं खाल्ल्या आणि पैसे चार घरांनी दिले. त्यातलं एक घर मागून बदली होऊन गेलं, जाताना त्यांनी आठवणीनं चुकते केले. बाकीचे अजून 'तुझ्या हाताला चव आहे गं' म्हणतात. दुसऱ्या वर्षी तिनं भिंतीवर पाटी लावली: 'चव बघायला पन्नास ग्रॅम. पुढे पैसे.' माझ्या जावेनं ती पाटी वाचून पंधरा दिवस अबोला धरला होता.

"सेक्रेटरींच्या मुलीचं लग्न आहे ना?" मी विचारलं.

"अक्षय तृतीयेचं. पत्रिका आली. का हो?"

मी जरा थांबले. गप्पांत सगळं एकदम सांगायचं नसतं.

"रुखवत आमच्याकडे आहे."

वहिनींचं सूप थांबलं. त्यांनी गच्चीकडे पाहिलं. उन्हात बाजेवर पांढरे, बिटाचे गुलाबी, पालकाचे हिरवे सरगुंडे ओळीनं वाळत होते.

"ते बारा किलो?"

"तेच बारा किलो."

"पैसे दिले?"

"आधी. तिनं रुखवताचं उधार बंद केलंय. पण डबे काही अजून गेले नाहीत."

वहिनी काही बोलल्या नाहीत. सूप भिंतीवर ठेवलं, पदराला हात पुसले आणि आत गेल्या. आतून मुलाला हाक मारल्याचा आवाज आला.

काल दुपारी सात डबे भरून तयार झाले. सुनेनं ते खाली आणले आणि भिंतीवर, त्या गुळगुळीत जागेच्या जरा अलीकडे, ओळीनं मांडले. सेक्रेटरींना फोन करून सांगितलं, "काका, मी बाहेर जातेय, शेजारच्या काकू देतील तुम्हाला." बाहेर कुठं गेली नाही, खिडकीत उभी राहिली. मीही. आजींनी खुर्ची भिंतीच्या आणखी जवळ घेतली होती.

सेक्रेटरी स्कूटरवर आले. वहिनी पलीकडे उभ्या, सर्टिफिकेटवरची धूळ पुसायचं फडकं हातात. "या ना भाऊ, बसा. चहा टाकते." चहा झाला. पत्रिका सुंदर झाली, मुलीला सासर चांगलं मिळालं, टाकीचं पाणी आता सांडत नाही ना, बरं झालं बाई. पुन्हा चहा. भाऊजी आतून बिलांची फाइल घेऊन आले आणि पेपर वाचावा तशी वाचत बसले. डब्यांचं नाव कोणी काढलं नाही. तिसऱ्या चहाला सेक्रेटरींनी स्वतःच मोबाइल काढला आणि वहिनींच्या मुलाला म्हणाले, "अरे, तो तुझा नंबर सांग बरं, गूगल पे आहे ना?"

वरच्या खोलीतून टुण असा आवाज आला. मग वहिनींनी पहिल्या डब्याला बोट लावलं. तो आपसूक पलीकडे गेला.

स्कूटर गेल्यावर त्या पुन्हा भिंतीशी आल्या. हनुवटी टेकवली. चेहरा असा, की जणू बारा मशिनी त्यांनीच लावल्या होत्या.

"ताई, एक विचारू?"

"विचारा ना."

"त्या बारा किलोचे किती घेतले हो सुनेनं?"

मी आकडा सांगितला. मागच्या लाइनीपर्यंत जाताना तो वाढणारच, म्हणून आपला जरा कमी करूनच सांगितला.